टॉवेलवाल्याची डावी बाजू

"हॉलिवूड मेलं," तात्यांनी जाहीर केलं. "आणि उद्या ते जिवंत होऊन माझ्या दारात आलं तरी मी बघणार नाही. या देहात प्राण आहे तोवर थिएटरची पायरी चढणार नाही. लिहून ठेवा."

हे त्यांनी शिडीच्या वरच्या पायरीवरून, एका हातात हूक आणि दुसऱ्या हातात डाळिंबी मखमलीचं टोक धरून सांगितलं. आवाज असा लागला होता की फुटपाथवरून जाणारी एक बाई थबकली आणि दुकानाची पाटी वाचून पुढे गेली. मागच्या दाराने तात्यांची बायको चहा घेऊन आली.

"साडेतीनचा शो आहे," ती म्हणाली. "निळा शर्ट इस्त्री करून ठेवलाय."

तात्या एक पायरी खाली उतरले.

"रांग कुठली?" त्यांनी विचारलं. "मधली घेतली ना? कडेला बसलो की माझी मान धरते."

तात्यांचं पडद्यांचं दुकान होतं. खिडक्यांचे, दारांचे, सभागृहांतले, दवाखान्यातल्या खाटांभोवतीचे, माणसाला जिथे जिथे काही झाकावंसं वाटतं तिथले सगळे पडदे त्यांनी आयुष्यभर शिवून आणि टांगून दिले होते. दुकान लांबट आणि अरुंद, दोन्ही भिंतींना कापडाचे तागे, मध्ये कापायचं टेबल. मागच्या बाजूला शिलाईचं मशीन आणि मशीनवर मास्तर. सिनेमावरच्या तात्यांच्या मतांचे मास्तर हे एकमेव नियमित श्रोते होते. ही जागा त्यांनी हौसेने घेतलेली नव्हती. मशीन जमिनीला स्क्रूने पक्कं बसवलेलं होतं आणि मास्तर मशीनला.

"मास्तर, पूर्वी विनोदी सिनेमात काय व्हायचं?" तात्या विचारत.

"माणूस पडायचा." मास्तरांना उत्तर पाठ होतं.

"आणि आपण का हसायचो?"

"आधी उभा असायचा म्हणून."

"आधी उभा असायचा म्हणून. कोट घातलेला, टोपी सरळ, मिशीला ताव. असा माणूस पडला की मजा. आता पहिल्या सीनपासून सगळे आडवेच. चाळिशीतले घोडे आईच्या सोफ्यावर लोळतात, शिव्या देतात, ओकतात. आणि ओकून झालं की शेजारचा म्हणतो, बाप रे, तू ओकलास. अरे, दिसलं आम्हाला. पैसे देऊन दिसलं. विनोद झाला की तो झाल्याची पावती दुसऱ्या पात्राने द्यायची, ही कुठली पद्धत?"

"आणि शेवटी मिठी," मास्तर दोरा दाताने तोडत म्हणत.

"दीड तास ओकायचं आणि शेवटी मिठी. मध्ये आंघोळसुद्धा नाही."

हा झाला विनोदी सिनेमा. अतिमानवांच्या सिनेमावर आले की तात्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत. मास्तर तेव्हा मशीनचा वेग वाढवत, म्हणजे निम्मं ऐकू येत नसे.

"आकाशाला भोक पडतं," तात्या मशीनच्या वरचा आवाज काढून सांगत. "दर वेळी भोकच. त्यातून राखाडी माणसं उतरतात. त्यांना नाव नाही, गाव नाही, बायकापोरं नाहीत, ती नुसती मरायला आलेली असतात. मग अख्खं शहर कोसळतं. आता इमारत कोसळली म्हणजे खिडक्या कोसळल्या, आणि खिडक्या म्हणजे पडदे. एका तरी सिनेमात फाटलेला पडदा दिसलाय तुम्हाला? काचा फुटतात, पडदा नाही. म्हणजे आत कुणी राहतच नव्हतं. आणि हे सगळं चाललेलं असताना हिरो काय करतो? टोमणे मारतो. जग बुडतंय आणि हा मागच्या बाकावर बसलेल्या कार्ट्यासारखा टोमणे मारतोय. विनोदी सिनेमातला विनोद पळून इकडे आलाय, मास्तर, आणि इकडे त्याचा जीव गेलाय. बाकी कुणाचा जात नाही. मेलेला माणूस पुढच्या भागात हजर. रडायचं की थोडं थांबायचं, हे माणसाला कळायला नको?"

"मग बघता कशाला?"

"मत द्यायचं तर सगळे भाग बघावे लागतात."

तात्यांनी सगळे भाग बघितले होते. पहिल्या दिवशी बघितले होते. त्यातल्या ज्या हिरोवर त्यांचा विशेष राग होता, तो खांद्यावरून पाठीमागे लांबलचक झूल सोडून उडायचा. त्याचं खरं नाव काहीतरी भव्य होतं. तात्या त्याला टॉवेलवाला म्हणत. "आंघोळीला निघालेला माणूस आणि हा, यांच्यात फरक काय तर तो माणूस स्वच्छ होऊन परत येतो," असं त्यांचं मत होतं.

आणि नेमक्या याच टॉवेलवाल्याने त्यांचा मुलगा नेला होता.

चिरंजिवांनी मिसरूड फुटायच्या वयातच सांगून टाकलं होतं, "बाबा, मला कापडात आयुष्य घालवायचं नाही." मग ते कॉम्प्युटर शिकले, लांबच्या शहरात गेले, आणि सिनेमातल्या करामती करून देणाऱ्या एका कंपनीत लागले. एके दिवशी फोन आला की मोठं काम मिळालं, टॉवेलवाल्याचा सहावा भाग. शूटिंगच्या वेळी त्या नटाच्या खांद्यावर झूल नसतेच म्हणे. तो बिचारा नुसत्या कपड्यांत उड्या मारतो, आणि झूल नंतर कॉम्प्युटरवर बनवतात, एकेक चुणी, एकेक वळण. दीड वर्ष चिरंजीव ती बनवणार होते. डाळिंबी रंगाची, जड मखमलीची.

"म्हणजे कापडच," तात्या फोनवर म्हणाले.

"तसं नाही, बाबा."

"मग कसं?"

पलीकडून फोन ठेवला गेला. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं आईच्या मार्फत चाले. बाबांना सांग, त्याला विचार. दोन देशांच्या वकिलातीत असतं तसं, फक्त इथे वकील स्वयंपाकही करत होता.

आज चिरंजीव दीड वर्षांनी आले होते आणि सकाळपासून वरच्या खोलीत झोपले होते. चहाचा कप टेबलावर ठेवून बायको शिडीखाली उभी राहिली.

"ऐका. त्याने एवढ्या दिवसांत एक सुट्टी घेतली नाही. आज आलाय तो तुम्हाला शेजारी बसवून हा सिनेमा बघायला. सगळ्या जगाच्या सिनेमावर तुम्हाला मत आहे, त्याच्या कामावर दीड वर्षात एक शब्द नाही. त्याला तो शब्द हवाय. चांगला असेल तर द्या. नसेल तर गप्प बसा. जेवण होईपर्यंत वाईट शब्द काढायचा नाही."

"अख्खा सिनेमाभर?"

"आणि परतीच्या वाटेवर."

"मग मी येतो कशाला?" तात्यांनी मनापासून विचारलं.

"टोक," खालून मास्तर म्हणाले. मखमलीचं दुसरं टोक त्यांच्या हातात होतं आणि हात भरून आला होता.

मखमलीच्या बाबतीत तात्यांचा एक नियम होता. मखमलीला मांजराच्या पाठीसारखी लव असते. एका दिशेने टांगली तर ती उजेड पिऊन घेते आणि रंग खोल दिसतो. उलटी टांगली तर पॉलिश केलेल्या बुटासारखी चकाकते. एकाच ताग्यातले दोन तुकडे, एक सुलटा आणि एक उलटा लावला, की ते दोन दुकानांतून आणल्यासारखे दिसतात. म्हणून मखमल चढवताना दुसरं टोक धरायला जाणता माणूस हवा, आणि तात्यांच्या मते पृथ्वीवर असा माणूस एकच होता. मास्तरांना ताप आला म्हणून एका सभागृहाचं उद्घाटन पडद्याविना, उघड्या रंगमंचावर झालं होतं. बायकोने एकदा टोक धरायला हात पुढे केला, तेव्हा तात्या म्हणाले होते, "राहू दे, हात ओले असतील." ते वाक्य तिने अजून जपून ठेवलं होतं आणि अधूनमधून वापरातही आणत असे. चिरंजिवांना तर लहानपणी शिडीच्या आसपासही येऊ देत नसत. "तू लांब उभा राहून बघ." त्यामुळे त्यांचं सगळं बालपण लांब उभं राहून बघण्यात गेलं.

थिएटरात बायको दोघांच्या मधोमध बसली. सिनेमा थ्रीडी म्हणून डोळ्यांवर घालायला एक काळा चष्मा मिळाला, तो तात्यांनी आपल्या चष्म्यावर चढवला. दोन चष्म्यांमुळे कान पुढे आले आणि ते एखाद्या रागावलेल्या घुबडासारखे दिसू लागले.

सिनेमा सुरू झाला. टॉवेलवाल्याचे वडील मरत होते. मरता मरता त्यांनी एक विनोद केला. लोक हसले.

तात्यांनी स्वतःच्या मांडीला चिमटा काढला.

मग एक बोलणारं अस्वल आलं. ते एका यंत्रावर ओकलं. शेजारची योद्धीण म्हणाली, "बाप रे, तू ओकलास." लोक खदखदून हसले. तात्यांनी तोंडात एकदम इतका पॉपकॉर्न भरला की पुढची पाच मिनिटं शब्द बाहेर येण्याचा मार्गच बंद झाला. बायकोने समाधानाने तो डबा त्यांच्या मांडीवर नीट ठेवला. पाच वेळा मेलेला एक खलनायक सहाव्यांदा आला. त्याचं म्हणणं होतं की या वेळी मी खरंच आलोय. एक शहर कोसळलं. तात्यांनी सवयीने खिडक्या बघितल्या. एकीलाही पडदा नव्हता. त्यांच्या घशातून शिट्टी वाजायच्या आधी किटलीतून येतो तसला आवाज आला.

"अहो," बायको म्हणाली.

"मी काही बोललो का?"

"बोलणार होतात."

झूल मात्र ते बघत नव्हते. हट्टाने बघत नव्हते. टॉवेलवाला दिसला की ते त्याच्या बुटांकडे बघत. पण मध्यंतराच्या सुमारास तो हरून, मार खाऊन, एका मोठ्या दगडी जिन्यावर येऊन बसला, आणि त्या सीनमध्ये चक्क कुणी बोलत नव्हतं. तो बसला आणि थांबला. झूल मात्र थांबली नाही. तिला थांबायला एक क्षण जास्त लागला, जसा जड कापडाला लागतो. ती पायऱ्यांवर उतरली, पहिल्या पायरीच्या कडेवर जरा अडली, मग स्वतःच्या वजनाने घसरून दुसरीवर आली, आणि तिथे तिची एक जाड चुणी पडली. चुणीच्या पोटात रंग जवळजवळ काळा होता, पाठीवर डाळिंबी. खालच्या काठात वजन घातलेलं असावं, कारण काठ लोळला नव्हता, बसला होता.

तात्यांना टॉवेलवाल्याचं तोंड दिसेनासं झालं. पुढचा बराच वेळ त्यांनी फक्त कापड बघितलं. अस्वलाचे आणखी दोन विनोद झाले, ते त्यांना ऐकू आले नाहीत. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी त्यांनी नकळत हवेत धरली आणि दुकानात ताग्याची किनार चाचपतात तशी एकमेकांवर फिरवली.

मग त्यांना जाणवलं की कुणीतरी आपल्याकडे बघतंय. बायकोच्या पलीकडे चिरंजीव बसले होते. ते सिनेमा बघतच नव्हते. ते बापाच्या बोटांकडे बघत होते. दोघांनी एकदम मान वळवली, आणि तात्यांनी बोटं पॉपकॉर्नच्या डब्यात घातली. डबा रिकामा होता.

आता खरं म्हणजे सगळं सुरळीत पार पडलं असतं. शेवटच्या लढाईला ठरल्याप्रमाणे आकाशाला भोक पडलं. राखाडी माणसं उतरली. टॉवेलवाला झेपावला आणि भोकाच्या प्रकाशात पाठमोरा, हात पसरून, हवेत उभा राहिला. झूल दोन्ही बाजूंना उलगडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तात्या उभे राहिले.

"लव उलटी आहे," ते म्हणाले. आधी हळू म्हणाले, स्वतःशी. मग सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं म्हणाले. "डावी बाजू. अहो, डावी बाजू उलटी लावलीय."

"काका, बसा हो," मागून एक जण म्हणाला. "आम्हाला दिसत नाही."

"तेच सांगतोय मी. तुम्हाला दिसत नाही. उजवीकडे बघा, उजेड पितेय. डावीकडे बघा, बुटासारखी चकाकतेय. एका माणसाच्या एका पाठीवर दोन दुकानांचं कापड. आणि हा जग वाचवणार."

"काका, तो मरतोय तिकडे."

"मरू दे. पुढच्या भागात येईल."

बायकोने त्यांचा शर्ट धरून खाली ओढला. निळ्या शर्टाचं एक बटण तुटून पुढच्या रांगेत गेलं. तात्या बसले, पण सिनेमा संपेपर्यंत वाफ राहिलेल्या कुकरसारखे फुसफुसत राहिले.

मग नावं सुरू झाली, काम केलेल्या माणसांची, मुंग्यांच्या रांगेसारखी खालून वर. अख्खं थिएटर उभं राहिलं. कुणी आळस दिला, कुणी फोन काढला. चिरंजिवांचं नाव आलं त्याच क्षणी पुढच्या रांगेतल्या एका भल्या गृहस्थाने पँट वर ओढायला घेतली, आणि ते नाव त्याच्या कमरेमागून उगवून त्याच्या टकलामागे मावळलं. तात्या "खाली बसा" म्हणेपर्यंत दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आलं होतं. नावं संपली आणि शेवटी पुढच्या भागाची चव दाखवणारा एक तुकडा लागला. त्याला मात्र सगळे पटापट बसले.

"नावांना उभे आणि तुकड्याला बसले," तात्या दातओठ खात म्हणाले.

बाहेरच्या दालनात चकचकीत फरशी होती आणि टॉवेलवाल्याचा माणसाएवढा पुठ्ठा उभा केलेला होता. बायको त्या पुठ्ठ्याशेजारी थांबली. दोघांत जास्त ताठ ती दिसत होती.

"एक गोष्ट सांगितली होती," ती म्हणाली. "एक."

"मी वाईट बोललो नाही. जे दिसलं ते बोललो." तात्यांचा आवाज अजून चढाच होता, पण त्यातली हवा गेली होती. खिशातला रुमाल त्यांनी उगाच काढला आणि परत ठेवला. चिरंजिवांकडे ते बघत नव्हते. "आणि मी काय मुद्दाम उठलो? पाय उठले."

"दीड वर्ष त्याने—"

"कुठली बाजू म्हणालात?" चिरंजिवांनी विचारलं. थेट. वकिलातीला वळसा घालून.

तात्यांनी मान वर केली. "डावी. खांद्यापासून काठापर्यंत. भोकापाशी उडतो तेव्हा."

"फक्त तिथे?"

"त्याच्या आधी नाही. जिन्यावर नाही. फक्त तिथे."

चिरंजिवांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आईने आधी लेकाच्या कानाकडे बघितलं, मग बापाच्या कानाकडे, आणि पर्स काखेत घट्ट धरली. काय होणार हे तिला कळलं.

"ते मी केलेलं नाही," चिरंजीव म्हणाले, आणि मग जे सुरू झाले ते थांबेनात. "शेवटच्या आठवड्यात वरून निरोप आला, झूल चमकत नाही, चमकवा. मी म्हटलं, ती मखमल आहे, ती चमकत नाही, तिचं तेच तर काम आहे. ते म्हणाले, पोस्टरवर चमकायला हवी. मी म्हटलं, मग साटन घ्यायचं होतं. तर त्यांनी तो शेवटचा सीन माझ्याकडून काढून दुसऱ्या टीमला दिला. आणि त्या शहाण्यांनी काय करावं? लव फिरवली. तीही वेळ कमी म्हणून अर्धीच. डावी फिरवली आणि उजवी माझी तशीच ठेवली. शिवलेला शर्ट अर्धा उलटा घातल्यासारखं. मी सगळ्या मीटिंगसमोर बोललो. तिथला मोठा साहेब मला म्हणतो, अरे, एवढ्या मारामारीत हे कुणाला कळणार आहे?"

"मग?"

"मी म्हटलं, माझ्या वडिलांना कळेल."

तात्यांनी रुमाल पुन्हा बाहेर काढला.

"सगळे हसले," चिरंजीव म्हणाले. "पोट धरून. दीड वर्षात त्या कंपनीत झालेला तो एकच विनोद."

पुठ्ठ्यातला टॉवेलवाला तिघांच्या डोक्यावरून भविष्याकडे बघत होता. तात्यांनी त्याच्याकडे वळून त्याची डावी बाजू नीट निरखली. तीही चकाकत होती.

"हसले?" ते म्हणाले.

"हसले."

"साहेब हसला?"

"सगळ्यात आधी."

यानंतर जो राग तात्यांना आला, त्याच्यापुढे आतापर्यंतचे राग म्हणजे नुसती तालीम होती. तो थिएटरच्या जिन्यावर मावला नाही, फुटपाथवर मावला नाही, आणि टॅक्सीत तर तो निम्मा खिडकीबाहेर होता. त्यात मोठी भर अशी की या वेळी जोडीला दुसरा माणूस होता. बाप म्हणे, ज्यांना कापडाचं वरचं आणि खालचं टोक कळत नाही, ते जगाचं टोक वाचवायला निघालेत. लेक म्हणे, बाबा, अस्वलाच्या ओकण्यासाठी वेगळी टीम होती, तिला दोन महिने जादा दिले. बाप म्हणे, ओकायला दोन महिने? लेक म्हणे, थेंब खरे दिसले पाहिजेत म्हणून. मग दोघंही एकदम गप्प होत आणि एकदम सुरू होत. पुढच्या सीटवर बसलेल्या बायकोने काच वर करून घेतली.

"सिनेमा फारच वाईट होता का?" ड्रायव्हरने तिला हळूच विचारलं.

"डावीकडून," ती म्हणाली.

दुकानाशी आल्यावर तात्यांनी टॅक्सी थांबवायला लावली. घर मागेच होतं, पण त्यांना आत्ताच्या आत्ता कापडावर सिद्ध करून बघायचं होतं. मास्तर केव्हाच घरी गेले होते. तात्यांनी सगळे दिवे लावले, शिडी आणली आणि सकाळी टांगलेला डाळिंबी पडदा हूक सोडवून खाली उतरवला.

"आता मला दाखव," ते म्हणाले. "त्या गाढवांनी नक्की कुठून फिरवली?"

चिरंजिवांनी तो टेबलावर पसरला. हाताची पालथी बाजू एकदा वरून खाली, एकदा खालून वर फिरवली. खडू घेतला नाही, टेप घेतली नाही. "इथून," ते म्हणाले, "खांद्याच्या या चुणीपासून." तात्यांचं लक्ष मखमलीवर नव्हतं. ते त्या हाताकडे बघत होते. तो हात कुणी शिकवलेला नव्हता. लांब उभं राहून बघितलेला होता.

"घरी चला आता," बायको दारातून म्हणाली. "जेवण व्हायचंय. त्याच्या आधी वाईट शब्द काढायचा नव्हता, तुम्ही दोघांनी मिळून शब्दकोश काढलात."

"बाबा," चिरंजीव मखमलीकडे बघत म्हणाले, "सातव्या भागासाठी त्यांनी मला परत बोलावलंय. मी नाही म्हणून कळवणार आहे. सोडतो ते काम. इथे दुकानात बसेन तुमच्या हाताखाली."

ही ती गोष्ट होती जी ऐकायला तात्या कितीतरी वर्षं थांबले होते. बायको दारातून एक पाऊल आत आली. तात्यांनी ती ऐकली आणि त्यांच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या.

"सोडतोस? तू का सोडणार? उलटी लावली त्यांनी आणि घरी तू बसणार? म्हणजे सातव्या भागात दोन्ही बाजू उलट्या, आणि सांगायला कुणी नाही. तो साहेब हसतच राहणार. मग मी तिकीट काढून काय बघू, अस्वल? दुकानाला मास्तर आहेत. तिकडे कोण आहे?"

"तिकडे कुणाला फरक पडत नाही, बाबा."

"मला पडतो. पुढच्या भागालाही मी मधल्याच रांगेत बसणार आहे, सांग त्यांना. आणि पुन्हा उभा राहणार आहे."

चिरंजीव हसले नाहीत. त्यांनी पडद्याच्या काठावरचा एक सुटा धागा काढला, बोटाभोवती गुंडाळला, आणि जे विचारायला ते दीड वर्षांनी इतक्या लांबून आले होते ते खाली मान घालून विचारलं.

"डावी जाऊ दे. उजवी कशी होती?"

बायकोने तात्यांकडे बघितलं. साऱ्या आयुष्यात मतांचा तुटवडा कधी न भासलेला हा माणूस तोंड उघडून उभा होता आणि आतून काहीच येत नव्हतं. त्यांनी खोकून बघितलं. चष्मा काढला, पुसला, लावला. जिन्याबद्दल काहीतरी बोलायचं त्यांच्या मनात होतं. त्या एका क्षणाबद्दल, तो बसल्यानंतरही झूल थांबत नाही त्याबद्दल, आणि पहिल्या पायरीच्या कडेवर ती अडते त्याबद्दल. त्यासाठी त्यांनी हातही वर केला, भाषणाला करतात तसा. मग तो तसाच खाली आणला, पडद्याचं एक टोक उचललं, पाठ फिरवली आणि शिडी चढायला लागले. वरच्या पायरीवर पोचल्यावर त्यांनी दोन हूक तोंडात धरले, म्हणजे बोलायची सोय उरली नाही. पहिला हूक दांडीत अडकवला. दुसरा काढून हातात घेतला. खाली मखमलीचं दुसरं टोक टेबलावरून लोंबत होतं.

"ऐक," तात्या भिंतीकडे बघत म्हणाले. "ते टोक धर जरा."